उन्हाळ्याच्या सुटीत जुने वाडे कसे पाहावेत

सुटी लागली म्हणजे आजोळी जावे, आंबे खावेत आणि मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी परतावे, ही आमच्या बाळपणीची रीत होती. सांप्रत कुटुंबेच्या कुटुंबे वाहन ठरवून किल्ले, देवालये व राजवाडे पाहावयास निघतात. ही प्रवृत्ती स्तुत्य होय. तथापि, अशा प्रवासाहून परतलेल्या आमच्या जुन्या विद्यार्थ्यांस आम्ही जेव्हा विचारतो की, वाडा किती खणांचा होता, दरवाजाचे तोंड कोणत्या दिशेस होते, तुळईवर काही अक्षरे होती काय, तेव्हा बहुधा उत्तर मिळत नाही. छायाचित्रे मात्र शेकड्यांनी असतात आणि त्यांत वाड्यापेक्षा पाहणारेच अधिक दिसतात. हा दोष त्यांचा नव्हे. काय पाहावे हे त्यांस कोणी सांगितलेले नसते. ते सांगावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे. आणि त्यास निमित्त झालेली आमची स्वतःची चूकही पुढे योग्य स्थळी निवेदन करू.

आम्ही राहतो ते आंधळगाव मोहाडी तालुक्यात, भंडारा जिल्ह्यात आहे. (मंगळवेढ्याकडेही या नावाचे गाव आहे, म्हणून हा खुलासा.) येथून सुटीच्या एकेका दिवसात जाऊन येण्याजोगी स्थळे पुष्कळ आहेत. उत्तरेस डोंगराच्या रांगेत गायमुख व अंबागड, पश्चिमेस रामटेक व नगरधन, दक्षिणेस भंडारा शहर आणि त्याच्याही खाली वैनगंगेच्या काठी पवनी. यांपैकी किल्ले व देवालये प्रसिद्ध आहेत, त्यांवर सरकारी फलक आहेत, गॅझेटियरात त्यांची वर्णने आहेत. परंतु वाटेवरच्या गावोगावी जे मालगुजारांचे व पाटलांचे वाडे उभे आहेत, त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नाही. महाराष्ट्र राज्याचा १९६० चा प्राचीन स्मारकांविषयीचा अधिनियम आहे खरा, पण ज्या वास्तूंस शासन संरक्षित म्हणून जाहीर करील त्यांनाच त्याचे छत्र मिळते. खाजगी राहता वाडा त्यात सहसा येत नाही. भाऊबंदकीत वाटण्या होतात, कवेलू फेरण्याचा खर्च परवडत नाही, एका पावसाळ्यात भिंत बसते आणि पुढच्या उन्हाळ्यात सागवान विकले जाते. किल्ल्याचा दगड कोणी उचलून नेत नाही, वाड्याच्या लाकडाला मात्र भाव असतो.

प्रथम वाड्याची रचना समजून घेतली पाहिजे. देशावरचा वाडा आणि आमच्या झाडीपट्टीतील वाडा यांची जात एकच, पण वळण निराळे. दोहोंतही दगडाचे जोते, त्यावर लाकडी खांबांचा सांगाडा आणि खांबांच्या दरम्यान विटांची वा मातीची भिंत असते. भार खांबांवर असतो, भिंतीवर नव्हे. म्हणूनच भिंत पडली तरी वाडा उभा राहतो आणि आग लागली तर जोत्यावाचून काही उरत नाही. पुण्याचा शनिवारवाडा १७३० साली बांधावयास घेतला. तो १८२८ च्या आगीत जळाला, आणि आज तेथे तट, दरवाजा व जोती पाहावयास मिळतात. नागपूरच्या भोसल्यांचा राजवाडा १८६४ साली जळाला. ‘महाल’ हे त्या पेठेचे नाव त्याची आठवण राखून आहे. तेव्हा जे जोते दिसते त्यावरून वरचे मजले मनाने उभे करण्याची सवय पाहणाराने लावून घ्यावी. दोन खांबांमधील अंतरास खण म्हणतात, आणि जुन्या कागदांत घराचे माप हात वा फूट यांत न सांगता ‘इतक्या खणांचे घर’ असे सांगितलेले आढळते. जोत्यावरील खांबांच्या तळखड्यांची संख्या मोजली की खण निघतात. हे काम दहा वर्षांचे मूलही करू शकते, आणि आनंदाने करते, असा आमचा अनुभव आहे.

देशावरच्या वाड्यात दिंडी दरवाजा, देवडी, चौक, सोपा, माजघर असा क्रम लागतो. आमच्याकडे दरवाजातून आत गेले की मोठे अंगण लागते, एका बाजूस गोठा, बंड्या ठेवण्याची जागा व धानाच्या ढोल्या असतात, आणि समोर सपरी व तीवर माडी. कारण उघड आहे. देशावरचा मोठा वाडा हा बहुधा सरदाराचा किंवा सावकाराचा. येथील वाडा धान पिकविणाराचा. शेतसाऱ्याची वसुली येथे होई, मजुरांस चुकारा येथे मिळे, गावचे तंटे येथे तुटत. म्हणून बैठकीची सपरी रस्त्याकडे मोकळी असते आणि माजघर दोन भिंती ओलांडल्यावाचून दिसत नाही. पाहावयास येणाराने सपरीतच थांबावे आणि बोलाविल्यावाचून पुढे जाऊ नये, हे येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. ज्यास आपण ‘ऐतिहासिक वास्तू’ म्हणतो ते कोणाचे तरी देवघर व स्वयंपाकघर असते.

मालगुजार या शब्दाचाही थोडा खुलासा करणे अवश्य आहे, कारण तो न समजल्यास या वाड्यांची वये चुकतात. भोसल्यांच्या राजवटीत गावचा पाटील हा वसुलीचा अधिकारी असे. गावच्या जमिनीचा तो मालक नव्हे. तिसरे रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये निवर्तले, १८५४ साली राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत बनला, आणि त्यानंतरच्या दशकातील जमाबंदीत पाटलांस मालकीहक्क देण्यात आले. तेव्हापासून ते मालगुजार झाले. हा हक्क ३१ मार्च १९५१ रोजी मध्यप्रदेश राज्याच्या कायद्याने नष्ट झाला (भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत त्या राज्यात होता). म्हणजे ‘मालगुजारी’ अशी जिची खरी ओळख ती अवघ्या नव्वद वर्षांच्या आतबाहेरची. ‘आमचा मालगुजारी वाडा तीनशे वर्षांचा’ असे कोणी सांगितल्यास त्यात दोन काळ मिसळले आहेत असे समजावे. मात्र घरधन्याशी वाद घालू नये. त्याने सांगितलेले जसेच्या तसे लिहून घ्यावे आणि शेजारी आपली शंका लिहावी.

वाड्याबरोबर त्याचा तलावही पाहावा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत ज्यांस आज ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात, त्यांतील कित्येक कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. पाळ कोठे घालावी व पाणी कसे वळवावे याचे त्यांचे ज्ञान पिढीजात होते. कोणाच्या शेतास पाणी आधी, पाळीची दुरुस्ती कोणी करावी, गुरे कोठे पाजावीत, या गोष्टी जमाबंदीच्या वेळी ‘वाजिब-उल-अर्ज’ या कागदात गावोगाव लिहून ठेवल्या आहेत. वाड्याची श्रीमंती सपरीतील नक्षीत दिसते, पण ती आली कोठून हे तलावाच्या पाळीवर उभे राहिल्यावाचून कळत नाही.

आता अक्षरांविषयी. दरवाजावरील गणेशपट्टी, माडीची मोठी तुळई, देवघराची चौकट, विहिरीची थारोळी व तुळशीवृंदावन या ठिकाणी शक, संवत्सर व मिती कोरलेली पुष्कळदा सापडते. शकात ७८ मिळविले असता इसवी सन येतो. पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या बहुतेक मितींस ७९ मिळवावे लागतात. संवत्सराचे नाव असल्यास शक ताडून पाहता येतो. रीत अशी : शकात १२ मिळवून ६० ने भागावे, जी बाकी राहील तितवे संवत्सर प्रभवापासून मोजावे. उदाहरणार्थ, शके १९४६. त्यात १२ मिळविले असता १९५८. ६० ने भागून बाकी ३८. अडतिसावे संवत्सर क्रोधी. पंचांगात तेच आहे. जुन्या मराठी कागदांत याखेरीज सुहूर सन येतो आणि तो अरबी संख्यावाचकांनी लिहिलेला असतो. ‘सबा सितैन मया व अलफ’ म्हणजे सात, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६७. हे वर्ष मृगापासून सुरू होते, म्हणून त्यात मृगानंतर ५९९ व जानेवारीनंतर ६०० मिळवावेत. अर्थात हा कागद १७६६–६७ चा.

इतके नियम आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकविले, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा चुकलो. ती हकीकत अशी.

काही वर्षांपूर्वी वैशाखात आम्ही चार विद्यार्थ्यांसह याच तालुक्यातील एका गावी गेलो होतो. तेथील वाड्यात, वास्तविक दोनच खण उभे होते, घरधनीण वृद्ध बाई एकट्या राहत. त्यांनी पाणी दिले, पाट मांडला आणि माडीकडे आमची दृष्टी गेलेली पाहून म्हणाल्या, “गुरुजी, वरती जाऊ नका, पाट्या सडल्या हायेत.” आम्ही सपरीतूनच वर पाहिले. तुळईवर एक ओळ कोरलेली होती. ऊन कलले होते, अक्षरांत चुना बसला होता. आम्ही टिपणवहीत लिहिले : ‘शके १७-५ प्रमादी’. मधला अंक वाचवेना. एक विद्यार्थी म्हणाला एक, दुसरा म्हणाला सात. पुढे मिती व वारही होता, परंतु तो तुळईच्या टोकाकडे, अंधारात. आम्ही मनाशी म्हटले, संवत्सर मिळाले आहे, शक गणिताने काढता येईल, मितीची घाई नाही. आणि परत फिरलो.

घरी येऊन गणित केले. शके १७१५ मध्ये १२ मिळविले, १७२७. ६० ने भागून बाकी ४७. सत्तेचाळिसावे संवत्सर प्रमादी. मनास समाधान वाटले. नंतर सहज शके १७७५ चेही गणित केले : १७८७, बाकी ४७, प्रमादी! संवत्सरांचे चक्र साठ वर्षांचे. एक आणि सात या अंकांत दशकस्थानी साठांचेच अंतर. ज्या दोन अंकांविषयी शंका, नेमके तेच दोन अंक हे गणित एकमेकांपासून वेगळे करू शकत नाही. संस्कृत पंचांगांवर आयुष्य घालविलेल्या माणसाच्या हे वाड्यातच ध्यानी यावयास हवे होते.

दोन शकांत फरक किती पडतो पाहा. शके १७१५ म्हणजे १७९३–९४. तेव्हा दुसरे रघुजी गादीवर होते, १८०३ च्या देवगावच्या तहास अद्याप दहा वर्षे होती, कटक व वऱ्हाड हाती होते. त्या तहानंतर उत्पन्न घटले आणि रघुजींनी प्रजेकडून पैसा काढण्याचे इतके उपाय केले की त्यांस ‘बडा बनिया’ असे नाव पडले, असे इंग्रज लेखक लिहितात. शके १७७५ म्हणजे १८५३–५४, त्याच राज्याचे अखेरचे वर्ष. एका साध्या पाटलाने माडी चढविली ती समृद्धीच्या काळात की राज्य बुडण्याच्या वर्षात, या एका प्रश्नावर भोसल्यांच्या राजवटीतील पाटीलकीविषयी आपली समजूत पालटू शकते. मिती व वार मिळाला असता तर निर्णय लागण्याजोगा होता. तीच मिती साठ वर्षांच्या अंतराने त्याच वारी येण्याचा संभव सातात साधारण एक. मोडकांच्या जंत्रीत दोन्ही वर्षे आहेत. पंधरा मिनिटांचे काम.

पुढच्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा तेथे मोकळी जागा होती. बाई लेकीकडे राहावयास गेल्या होत्या आणि लाकूड विकले गेले होते.

म्हणून आमची सूचना अशी की, अक्षरे दिसल्यास वाचण्यापूर्वी नक्कल करावी. अर्थ लागो वा न लागो, जो अंक जसा दिसतो तसा काढावा, तुटक भाग तुटक दाखवावा, आणि ओळ टोकापासून टोकापर्यंत घ्यावी. हल्ली प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असतो. त्याने छायाचित्र घ्यावे, पण समोरून उजेड टाकून नव्हे. दिवा बाजूस, अक्षरांच्या पातळीत धरला म्हणजे खोदकामाची सावली पडते आणि बुजलेला अंकही उठून दिसतो. चुना खरवडू नये. चुन्याखाली काय असेल याची कल्पना नसते. रामटेकच्या केवल नरसिंहाच्या देवालयात भिंतीवरील गिलावा काढला तेव्हा वाकाटककालीन शिलालेख प्रकट झाला, ही गोष्ट १९८० नंतरची; तोपर्यंत हजारो यात्रेकरू त्या भिंतीस नमस्कार करून गेले होते. पण तो गिलावा जाणत्या हातांनी काढला. हौशी माणसाच्या चाकूने लेख निघत नाही, नष्ट होतो.

कागदांविषयी अधिक सावध असावे. माडीवरच्या रुमालांत बांधलेली दप्तरे ही राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचा पहिला खंड काढल्यापासून आपल्या इतिहासाचा पाया ठरली आहेत. घरधन्याने दाखविल्यास तेथेच बसून पाहावीत; मागून नेऊ नयेत, विकत तर मुळीच घेऊ नयेत. पंचाहत्तर वर्षांवरील ऐतिहासिक मोलाचे हस्तलिखित १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली पुरावस्तू ठरते. जमिनीत नाणी वा दागिने सापडल्यास १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते. हे घरधन्यास भीती घालण्यासाठी सांगू नये. भीतीपोटी दप्तरे चुलीत जातात.

स्थळांविषयी आता थोडक्यात. गायमुखास झरा व महादेवाचे देवालय आहे, महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. उन्हाळ्यात मुलांस तेथील सावली पुरेशी वाटते. तेथून अंबागड करावा. देवगडच्या बख्त बुलंदाच्या पदरच्या राजाखान पठाणाने तो इ. स. १७०० च्या सुमारास बांधला. पुढे भोसल्यांनी त्याचा उपयोग तुरुंगासाठी केला. गडावरील विहिरीचे दूषित पाणी पाजून कैद्यांस मारीत, अशी आख्यायिका गॅझेटियरात नमूद आहे. लोक ती विहीर पाहून परततात. आमचे म्हणणे असे की, ती जरूर पाहावी, पण आतील इमारतींची जोतीही मोजावीत. गोंड राजवटीतील अधिकारी कसा राहत असे हे सांगणारी वस्तू या भागात दुसरी फारशी नाही. सकाळी नवाच्या आत गड चढावा. नंतरचे ऊन सोसत नाही.

नगरधनचा किल्ला पाहणारास तो भोसल्यांच्या काळचा वाटतो व तो तसा आहेही, परंतु ती भूमी वाकाटकांच्या नंदिवर्धनाची. २०१५ ते २०१८ या काळात तेथे झालेल्या उत्खननात प्रभावतीगुप्तेची मातीची मुद्रा सापडली. पवनीस नगराचा तट व खंदक अद्याप ओळखू येतो. तेथील जगन्नाथ टेकडीवर देवालय आहे म्हणून ती टेकडी कोणी खणली नाही, आणि १९६९–७० मध्ये शास्त्रशुद्ध उत्खनन झाले तेव्हा तिच्या पोटात मोठा बौद्ध स्तूप निघाला. भंडारा शहरात पांडे महाल आहे. त्या शहराचे नाव भांड्यांवरून पडले असे पितळेच्या धंद्यामुळे सर्रास सांगतात. परंतु जाजल्लदेवाच्या १११४ सालच्या रतनपूर येथील शिलालेखात ‘भाणारा’ असे नाव आले आहे, ते विचारात घेतल्यावाचून व्युत्पत्ती करू नये.

आणि हे सारे फिरून झाल्यावर आंधळगावासही यावे, असा आमचा आग्रह आहे. येथे राजवाडा नाही, विणकरांची घरे आहेत. त्यांसही आम्ही ऐतिहासिक वास्तू समजतो. घरात जमिनीत खड्डा, खड्ड्यात विणकराचे पाय, समोर माग. जमिनीच्या ओलाव्याने सूत तुटत नाही. ताणा लांबवावयास जागा हवी, म्हणून पडवी व गल्ली दोन्ही लांब. म्हणजे घराची आकृती धंद्याने ठरविली, जशी मालगुजाराच्या अंगणाची आकृती धानाने ठरविली. येथे व मोहाडीस कोसा विणला जातो. ऐन व अर्जुन या झाडांवर त्याचे किडे पोसले जातात. आमच्या जिल्ह्यात हे काम ढिवर लोक करतात. संस्कृतज्ञांस कौशेय हा शब्द परिचित आहे, पाणिनीने तो कोश शब्दापासून साधून दिला आहे. पण कोश हातात घेऊन पाहिलेले संस्कृतज्ञ आम्हांस थोडे भेटले. करवतकाठी लुगड्याच्या काठावर करवतीच्या दात्यांसारखी ओळ असते. ती साधण्यासाठी तीन धोटे चालवितात, दोन दोहो काठांचे व एक मधल्या अंगाचा, म्हणून काठाचा रंग अंगात उतरत नाही. हे काम चालू असताना पाहावे. मागांची संख्या घटत आहे, आणि मागाचा खड्डा एकदा बुजवून वर फरशी घातली की त्या घराची ओळख पुसली जाते. त्यावर शकही कोरलेला नसतो.

त्या तुळईसंबंधी एक गोष्ट सांगावयाची राहिली. ज्या व्यापाऱ्याने लाकूड घेतले त्याच्या वखारीत आम्ही दोनदा जाऊन आलो. पुष्कळ लाकडास रंधा लागला होता. परंतु एक लांब तुळई न कापता तुमसरच्या बाजूस एका नव्या घराच्या सपरीस घातली असून तिच्या एका अंगावर ‘काही गिचमिड लिहिलेले’ आहे, असे तेथील सुताराने सांगितले. घरधन्याचा निरोप आला आहे. पुढच्या रविवारी सकाळी, उजेड आडवा असताना, आम्ही दिवा व वही घेऊन जाणार आहोत.